गावरान तलंग सांगून म्हातारी लेयर कोंबडी गळ्यात मारतात

तपकिरी कोंबडी दिसली की ती गावरान, अशी शहरातल्या आपल्या लोकांची पक्की समजूत. तिच्यावर काही जणांचा धंदा मस्त चालतो. नाशिकला आमच्या रो-हाऊसच्या मागे थोडी मोकळी जागा आहे. तिथे खुराडं बांधून दोन गावठी कोंबड्या आधीपासून होत्या, त्यांना जोडीला चार तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरण्या कोंबड्या, घ्यायच्या ठरल्या.

मोबाइलवर जाहिरात फिरत होती: ‘शेतावरच्या अस्सल गावरान तलंगा, पाच महिन्यांच्या, लसीकरण झालेल्या, पंधरवड्यात अंड्यावर येणार, घरपोच.’ एकीचे ६५० रुपये, निम्मे आधी. फोनवरचा माणूस वाक्यागणिक ‘ताई’ म्हणायचा. गाडी दुपारी यायची ती आली रात्री साडेनऊनंतर. अंधारात कोंबडी गपगार बसते आणि बॅटरीच्या उजेडात तिचं काही धड दिसत नाही. क्रेटमधून थेट खुराड्यात सोडल्या, उरलेले पैसे मोजून घेतले आणि गाडी गेली. उशीर रस्त्यावरच्या गर्दीने झाला असेल, असं मला आता अजिबात वाटत नाही.

सकाळी खुराड्यात अंडं! पोरं नाचायला लागली. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “बघा ताई, पायगुण चांगला निघाला!”

खरं तर सगळी लबाडी त्या अंड्यातच उघडी पडली होती. पहिलटकरणीचं अंडं लहान असतं, आणि गावरान कोंबडीचं तर पुढेही जेमतेम ४०-४५ ग्रॅमचं. हे चांगलं ६५ ग्रॅमचं, तपकिरी, एका टोकाला खरखरीत आणि कवच पातळ.

रविवारी सिन्नरहून आत्या आली. चहा तसाच ठेवून तिने एक कोंबडी काखेत धरली.

“कितीला घेतली गं ही म्हातारी?”

“आत्या, तलंग आहे ती. पाच महिन्यांची.”

“कोण म्हणालं? चोच बघ हिची. आणि नखं बघ, ही कधी मातीत उकरलीये का?”

चोचीचं वरचं टोक कापलेलं होतं. लेयर फार्मवर, म्हणजे अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, त्या एकमेकींना टोचतात, म्हणून पिल्लू असतानाच चोच छाटतात. गावात दारात वाढलेल्या कोंबडीची चोच कशाला कोण छाटेल? नखं वाढून वळलेली, कारण पिंजऱ्यात पायाखाली तार असते, माती नसते. जाळीतून मान काढून खाल्ल्याने मानेवरची पिसं घासून गेलेली. तुरा मोठा, फिका, एका बाजूला लोंबणारा. अंड्यावर न आलेल्या तलंगेचा तुरा छोटा आणि ताठ असतो. पाय पांढुरके पडले होते. पिवळ्या पायाच्या जातीची कोंबडी महिनोन्‌महिने अंडी देते तसा तिच्या पायांचा पिवळेपणा उतरत जातो. तलंगेचे पाय पिवळेधमक दिसतात. एकटी चोच वय सांगत नाही, कारण लेयर जातीच्या तरण्या तलंगेचीही ती छाटलेली असू शकते. वय पाय, नखं आणि तुरा सांगतात.

या बीव्ही ३८० सारख्या तपकिरी लेयर जातीच्या कोंबड्या. अठरा-वीस आठवड्यांनी अंड्यावर येतात आणि साधारण ७२ ते ८० आठवड्यांनी, अंडी घटली की, फार्मवाला त्यांना किलोच्या भावाने मटणासाठी काढून टाकतो. मधला माणूस तिथून उचलतो आणि आपल्याला तलंगेच्या भावात विकतो. बीव्ही ३८० पाळण्यात वाईट काही नाही, तरणी घेतली तर अंडी भरपूर देते. लबाडी वयाची आहे. कोंबड्यांचा बिचाऱ्यांचा तर काहीच दोष नाही. दांडीवर कसं बसायचं हेच त्यांना ठाऊक नव्हतं, कोपऱ्यात एकीला एक चिकटून उभ्या असायच्या.

पुढे अंडी आटली आणि पिसं झडली. एक पोट फुगून मेली. उरलेल्यांना शिंका सुरू झाल्या आणि ती सर्दी आमच्या जुन्या कोंबड्यांनाही लागली. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांनी औषध दिलं, जुन्यांपैकी एक वाचली. विक्रेता काहीही सांगो, नवीन पक्षी किमान तीन आठवडे वेगळ्या जागी ठेवा, भांडीही वेगळी. ‘लसीकरण झालंय’ म्हणाला तर कोणती लस, कधी दिली, ते लिहून मागा. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग, त्यावरची लासोटा लस पहिल्या आठवड्यात थेंबाने देतात, आर-टू-बी ही दुसरी लस पुढे सहा-आठ आठवड्यांच्या सुमाराला टोचतात. ज्याने खरंच दिली आहे त्याला हे सांगायला वेळ लागत नाही.

पैसे परत मागितले तेव्हा खरी गंमत. आधी म्हणे, तुमच्या खाद्याने पिसं झडली. मग एकदम मवाळ झाला आणि ‘परताव्यासाठी’ क्यूआर कोड पाठवला: स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. भाच्याने हातातून फोनच काढून घेतला. पैसे यायचे असतील तर पिन कधीच टाकावा लागत नाही. कुणाचे असे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, जितकी घाई तितकी रक्कम अडण्याची शक्यता जास्त. आमचा नंबर त्या दिवसापासून तिकडे ब्लॉक आहे.

आता कुणी कोंबड्या विकायला काढल्या की मी पाय, नखं आणि चोच दाखवणारा दिवसाउजेडी काढलेला व्हिडिओ मागते, आणि घेताना स्वतः जाऊन हातात धरून बघते. बरेच जण व्हिडिओचं नाव काढलं की गप्प होतात. दिंडोरीकडच्या एका काकूंनी मात्र न कुरकुरता पाठवला, वर विचारलं, “बाई, तुला कोंबडी पाहिजे का नवरी?” त्यांच्याकडून दोन तलंगा आणल्या आहेत. अजून अंड्यावर यायच्या आहेत.