अणुपाणबुडीचं इंधन: एकदाच भरावं की दर दहा वर्षांनी?

हल्ला पाणबुडी (शत्रूची जहाजं आणि पाणबुड्या शोधून बुडवणारी) अणुऊर्जेवर चालणारी घ्यायची ठरली, की पहिला वाद इंधनाचा. अमेरिकेच्या व्हर्जिनिया श्रेणीत ९० टक्क्यांहून अधिक समृद्ध युरेनियम (म्हणजे ज्यात ऊर्जा देणाऱ्या युरेनियम-२३५चं प्रमाण वाढवलंय असं) एकदाच भरतात; ते ३३ वर्षं, म्हणजे पाणबुडीच्या पूर्ण आयुष्याला पुरावं असा हिशेब. ब्रिटनच्या ॲस्ट्यूटचंही तसंच, आयुष्य मात्र २५ वर्षं. फ्रान्सच्या सुफ्रेनमध्ये वीजकेंद्रांत वापरतात तसलं कमी समृद्ध युरेनियम असतं आणि ते साधारण दहा वर्षांनी बदलावं लागतं.

कागदावर पहिला पर्याय सहज जिंकतो. अमेरिकेची बॅटन रूज ही मध्येच इंधन बदलावं लागणारी पाणबुडी १९७७ मध्ये नौदलात आली. इंधन बदलायची वेळ झाली तोवर शीतयुद्ध संपलं होतं. एवढा खर्च कशाला, म्हणून १९९५ मध्ये तिला निवृत्तच केलं. अवघी अठरा वर्षं!

पण नुसतं इंधन असून भागत नाही. प्रत्येक बुडीला बाहेरचं पाणी कवच आवळतं, वर आल्यावर ते सैल पडतं. अशानं पोलाद थकतं. झडपा आणि नळ्या तपासायला सुकी गोदी, म्हणजे पाणी उपसून कोरडी करता येणारी गोदी, लागतेच. अमेरिकेच्या बॉइसी पाणबुडीला गोदीत जागाच मिळेना. २०१७ मध्ये तिचा बुडी मारण्याचा परवाना संपला आणि ती धक्क्याला बांधून राहिली.

आणि आयुष्यभराच्या इंधनाचा अंदाज चुकला तर? ब्रिटनची व्हँगार्ड ही क्षेपणास्त्रवाहू पाणबुडी, पण धडा तोच. तिच्या अणुभट्टीच्या जमिनीवरल्या जुळ्या नमुन्यात २०१२ मध्ये थंड करणाऱ्या पाण्यात किरणोत्सार सापडला. मग ठरलेलं नसताना इंधन बदललं. २०१५ च्या अखेरीस गोदीत गेलेली पाणबुडी २०२३ मध्ये बाहेर आली.

दर दहा वर्षांनी भट्टी उघडणाऱ्या फ्रान्सला हे काम सरावाचं. त्यांची दुरुस्तीतली हिंमतही बघा: २०२० मध्ये तुलाँ बंदरात पर्ल या पाणबुडीचा पुढचा भाग जळाला, तर निवृत्त साफिर पाणबुडीचा पुढचा अर्धा भाग कापून शेरबुर्गच्या गोदीत तिला जोडला. पर्ल सुमारे १.४ मीटर लांब होऊन पुन्हा समुद्रात गेली.

माझं मत सांगतो. इंधनाचा कारखाना आणि अणुभट्टी हाताळणारी माणसं घरची असतील तर फ्रेंच वाट धरावी. नसतील तर आयुष्यभर उघडावी न लागणारी भट्टीच बरी. ऑस्ट्रेलियानं २०२३ मध्ये व्हर्जिनिया निवडली ती याच हिशेबानं. सुक्या गोद्यांची योजना मात्र त्यांनाही पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हेंडरसनला आखावीच लागली.