भाच्याने आणलेलं बिअर-सायडरचं किट: वरुडच्या उन्हात आठ महिने वापरून

गेल्या दिवाळीत भाचा इंग्लंडहून आला आणि त्याने बॅगेतून एक खोकं काढून माझ्यापुढे ठेवलं. "आत्या, तुमच्याकडे एवढी संत्री वाया जातात, याच्यात काहीतरी कर." आत पाच लिटरचा काचेचा बुधला, भोक असलेलं रबरी बूच, वाकड्या नळीचा एअरलॉक, एक हायड्रोमीटर, सायफनची नळी, बुधल्याला चिकटवायची तापमानाची पट्टी, तारेच्या झाकणाच्या सहा काचेच्या बाटल्या, यीस्टच्या दोन पुड्या आणि माल्टचा, म्हणजे बिअरसाठीच्या मोड आणलेल्या जवाच्या अर्काचा, एक जड डबा. तो तिकडे याच सामानात सायडर, म्हणजे सफरचंदाच्या रसाचं मद्य, करतो. तिथे १९६३ पासून घरच्यापुरती बिअर-सायडर करायला परवाना लागत नाही.

आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं त्यात गुन्हा आहे; घरातच पिणार होतो, एवढंच सांगून सुटका होत नाही. शिवाय आमच्या गावात दारूचं दुकान बंद करायचं मतदान झालं होतं, तेव्हा आडवी बाटली (दुकान बंद; उभी म्हणजे चालू) निवडून आणायला दारोदार फिरणाऱ्या बायांत मीही होते. म्हणून माल्टचा डबा मी भाच्याच्याच बॅगेत परत टाकला. बाकी सामान ठेवून घेतलं आणि त्यात आल्याचं फसफसतं सरबत नि संत्र्याचं व्हिनेगर केलं. तेव्हा हा अनुभव बिअरचा नाही. पण भांडी तीच, यीस्टचे नखरेही तेच. ज्यांची मुलं परदेशात हा उद्योग करतात त्यांनाही उपयोग होईल.

पहिली फजिती माझ्याच सवयीने झाली. आमच्या बचतगटात संत्र्याचा स्क्वॅश करतो, त्यात केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, टिकवणीची पूड) टाकायचं हे हाताला इतकं बसलंय, की आंबवायच्या रसातही चिमूटभर पडलं. आठ दिवस रस ढिम्म. भाच्याला फोन केला तर तो हसायलाच लागला. केएमएस घालतो तेच मुळी रस आंबू नये म्हणून! तिकडे सायडर करणारेही ते वापरतात, पण बेताने, आणि यीस्ट टाकायच्या आधी एक दिवस थांबतात. तो म्हणाला, नवख्यांचं सायडर बहुतेक इथेच अडतं: दुकानातून सफरचंदाचा डबाबंद रस आणतात नि प्रिझर्व्हेटिव्ह आहे का ते वाचत नाहीत.

आता हायड्रोमीटर. सगळ्या खोक्यात हीच वस्तू सोन्याची. आमच्या डेअरीवाल्याने पाहताच ओळखलं, "हे तं दुधाचीच काडी हाय!" खरंच आहे. लॅक्टोमीटर दुधाचा दाटपणा सांगतो, हा रसाचा. पाणी १.०००, साखर जितकी जास्त तितका आकडा वर. आमच्या चुरीच्या, म्हणजे बारक्या, संत्र्यांचा रस १.०४० निघाला. आंबताना साखर संपते तसा आकडा उतरतो आणि उतरलेल्या आकड्याला १३१ ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. भाच्याचा सायडर १.०४५ वरून १.००० वर येतो, म्हणजे जवळपास ६ टक्के. तीन दिवसांच्या अंतराने दोनदा तोच आकडा आला तरच तो बाटल्या भरतो. बुडबुडे थांबले म्हणजे काम झालं असं तो धरत नाही, कारण थंडीनेही बुडबुडे थांबतात.

मला हायड्रोमीटर उलट्या कामाला लागला: अल्कोहोल होऊ न देण्यासाठी. सरबताची कृती अशी. दोन चमचे सालीसकट किसलेलं आलं, दोन चमचे साखर, दोन कप पाणी. रोज एकेक चमचा दोन्ही वाढवायचं. डिसेंबरात या विरजणाला फेस यायला आठवडा लागला, मार्चमध्ये तीन दिवस. मग चार लिटर पाण्यात १०० ग्रॅम आलं उकळायचं, ४०० ग्रॅम साखर, पूर्ण गार झाल्यावर चार लिंबं आणि कपभर गाळलेलं विरजण. आकडा येतो १.०३८ च्या आसपास. बुधल्यात एक अंक (म्हणजे ०.००१) उतरू द्यायचा आणि बाटलीत भरायचं, तिथे अजून तीन अंक. एवढ्यात फसफस भरपूर येते आणि अल्कोहोलचा हिशेब अर्ध्या टक्क्याच्या आसपास थांबतो. एफएसएसएआयच्या (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या) नियमात ०.५ टक्क्यांच्या वर अल्कोहोल असलेलं पेय मद्यात मोडतं, म्हणून मी तिथेच हात आखडते. लहान मुलांना तरीही देत नाही. तीच बाटली तशीच विसरली तर ती ५ टक्क्यांकडे चालू लागते, किंवा त्याच्या आधी फुटते.

मोजताना दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. नळकांड्यातलं सरबत आधी हलवून गॅस काढून टाकायचा, नाहीतर बुडबुडे काडीला चिकटून वर उचलतात. आणि माझी काडी २० अंश तापमानासाठी आखलेली. आमच्याकडे रसच ३५ अंशांचा. तेव्हा ती चार अंक कमी दाखवते. म्हणजे मी ज्या चार अंकांवर जीव टाकत होते, ते निव्वळ उन्हाचे निघू शकतात! तेव्हापासून दोन्ही वेळा नमुना माठाच्या पाण्यात ठेवून सारखाच गार करते.

बाटली फुटल्याचं सांगायलाच हवं. एप्रिल, रात्री लाइट गेलेली, फ्रिज बंद. काचेच्या बाटलीतलं सरबत फ्रिजमध्ये झोपलेलं असतं ते गरम झाल्यावर उठतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. पहाटे टाळीसारखा आवाज आला आणि फ्रिजमध्ये काचांचा खच. दार बंद होतं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून काचेच्या बाटल्या तेलासाठी आणि सरबत कोल्ड्रिंकच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांत. त्या दाबून बघता येतात: बोट रुतेनासं झालं की लगेच फ्रिजमध्ये. एप्रिलमध्ये हे चार-पाच तासांत होतं, जानेवारीत दोन दिवस लागले. भाचा पूर्ण आंबून उतरलेल्या सायडरमध्ये लिटरला सहा ग्रॅम साखर मोजून घालतो आणि मगच काचेत भरतो. माझ्या सरबतात साखर उरलेलीच असते, त्यामुळे त्याचं गणित मला चालत नाही.

एअरलॉक दिसायला छान. गॅस बाहेर जातो, हवा आत येत नाही. डिसेंबरातल्या पहिल्याच रात्री तो असा गुडगुडला की सासूबाई उठून बसल्या. "सूनबाई, हे रातभर बुडबुड काहून करते वं?" सकाळी पाणी भरायला आलेल्या शेजारणीने ऐकलं आणि दुपारपर्यंत गावभर झालं. आडवी बाटलीवाल्या बाईच्याच घरी उभी बाटली! संध्याकाळी पोलीस पाटील आले, बाहेरच खुर्चीवर बसून म्हणाले, "वहिनी, गावात बोंब हाय का तुमच्या घरी भट्टी लागली." मी बुधला, काडी, वही सगळं दाखवलं. भट्टी म्हणजे उकळून वाफ धरणं. इथे चूलही पेटलेली नव्हती. त्यांनी एक ग्लास घेतला, आल्याने ठसका लागला, आणि दुसरा मागितला. ज्यांना हे करून बघायचंय त्यांनी बुधला स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब ठेवावा, एवढंच म्हणेन.

मेमध्ये मात्र एअरलॉकमधलं पाणी दोन दिवसांत आटतं आणि तो नुसती नळी उरतो. रोज बघावं लागतं. तापमानाच्या पट्टीचं तर विचारूच नका. तिच्यावरचा शेवटचा आकडा ३०, त्यामुळे मार्चच्या मध्यापासून ती कोरीच. सायडर-बिअरच्या बहुतेक यीस्टना १८ ते २२ अंश मानवतात; त्याहून फार गरम झालं की उग्र वास धरतो. नॉर्वेच्या शेतघरांतलं क्वाइक नावाचं यीस्ट ४० अंशांपर्यंत काम करतं असं भाचा सांगतो. विदर्भात जन्मायचं ते तिकडे कसं जन्मलं कोण जाणे. मी बुधला घमेल्यात पाणी घालून ठेवला आणि भोवती ओलं पोतं गुंडाळलं. माठाचंच तत्त्व. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत खोली ४० असताना बुधला ३० च्या आसपास राहिला. जुलैत हवा दमट झाली नि पोत्याला नुसता कुबट वास, गारवा शून्य.

संत्र्याच्या व्हिनेगरला मी एअरलॉक लावलाच नाही. साखरेचं आधी मद्य आणि मद्याचं आम्ल, हा रस्ता ठरलेला. मधलं स्टेशन टळत नाही, पण तिथे उतरायचं नाही. दुसऱ्या टप्प्यातल्या जिवाणूंना हवा लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून मलमलचं फडकं बांधलं आणि रोज लाकडी चमच्याने ढवळलं, न ढवळता बुरशी येते. फडकं दुहेरी हवं; एकेरीतून चिलटं आत जातात. डिसेंबर-जानेवारीत काहीच घडत नव्हतं, फेब्रुवारीच्या अखेरीस वर पांढुरकी साय धरली, ते त्याचं विरजण. मार्चअखेर नाकाला झोंबेल असं व्हिनेगर तयार. संत्री सालीसकट दाबू नका, सालीचं तेल यीस्टला मारक. बिया आणि पापुद्रेही काढा, कारण नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडू होतो आणि साखर गेल्यावर तो कडूपणा उघडा पडतो. माझ्या पहिल्या घाण्यात तो आहेच. कांद्याच्या कोशिंबिरीत चालतं. लोणचं टिकवायला वापरत नाही: बाजारच्या व्हिनेगरमध्ये किमान ३.७५ टक्के अ‍ॅसिटिक आम्ल असावं लागतं, माझ्यात किती आहे ते मी मोजलेलं नाही.

बुधला उत्तम, पण तोंड अरुंद. आत हात जात नाही, तांदूळ आणि गरम पाणी घालून खळखळवावा लागतो. सायफनची नळी तळाचा गाळ न हलवता वरचं सरबत काढते, ती मी आता पोरांना हात लावू देत नाही. रबरी बूच जूनमध्ये भेगाळलं. हायड्रोमीटर मागच्या आठवड्यात फुटला: सासूबाईंनी दुधवाल्याचं दूध तपासायला घेतला आणि तो त्यांच्या हातून ओट्यावर पडला. दूध पाणीदार होतं, असं त्या अजून ठासून सांगतात. यंदाच्या दिवाळीला काय आणू, असं भाचा विचारत होता. दोन बुचं आणि दोन काड्या, असं कळवलंय.