घराभोवतीच्या पाचोळ्यासाठी पाठीवरचा पेट्रोल ब्लोअर निवडताना

सोलापुरात विजापूर रस्त्याच्या पुढे, जिथे वसाहती संपून शेते सुरू होतात, तिथे आमचे घर आहे. घराभोवती २० गुंठे जागा असून तीत पाच कडुलिंब, दोन चिंचा, एक पिंपळ आणि फाटकाशी एक बदाम अशी जुनी झाडे आहेत. माघ सरत आला की कडुलिंबाची पानगळ सुरू होते आणि पाडव्याला गुढीला बांधायची कोवळी पालवी फुटेपर्यंत रोज सकाळी नवा पाचोळा पडलेला असतो. पुढचे अंगण शहाबादी फरशीचे आणि मागचा परस मुरुमाचा. दोन्हीकडे खराटा मारायचा तर दोन माणसांचा निम्मा दिवस जात असे. पाणी मारून अंगण धुणे हा उपाय आमच्याकडे विचारातही घेता येत नाही, कारण उजनीचे पाणी नळाला काही दिवसांआड येते आणि टाकीतले पाणी झाडांनाच पुरवून पुरवून घालावे लागते. म्हणून पाठीवर अडकवायचा पेट्रोल ब्लोअर, म्हणजे हवेच्या झोताने पाने ढकलणारे यंत्र, घ्यायचे ठरवले. आजवर अशी दोन यंत्रे वापरली. त्यांपैकी पहिल्याची निवड साफ चुकली, दुसऱ्याची बरोबर ठरली, आणि त्या दोहोंमधला फरक नेमका कशात होता ते येथे लिहीत आहे.

प्रथम शब्दाचा घोळ दूर करतो. शेती अवजारांच्या दुकानात जाऊन नुसता ‘ब्लोअर’ मागितला, तर ‘द्राक्षाला की डाळिंबाला?’ असा प्रश्न येतो, कारण आपल्या जिल्ह्यात ब्लोअर म्हणजे ट्रॅक्टरला जोडून बागेत औषध फवारण्याचे यंत्र. पाठीवरचा हवा म्हटले, तर औषधाची टाकी असलेला मिस्ट ब्लोअर पुढे ठेवला जातो. त्यातही इंजिन आणि पंखा असतो व त्याने पाने उडतातही; परंतु बिनकामाच्या टाकीचे ओझे पाठीवर राहते, आणि ज्या यंत्राने एकदा कीटकनाशक मारले आहे त्याचा झोत मुले खेळतात त्या अंगणात सोडणे मला मुळीच मान्य नाही. तेव्हा ‘पाने उडवायचा, नुसत्या हवेचा’ असे स्पष्ट सांगावे.

दुसरा प्रश्न, पाठीवरचे यंत्र खरोखर लागते का? जागा पाच-सहा गुंठ्यांपर्यंत असेल आणि बहुतेक फरशी असेल, तर माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. स्टिल कंपनीच्या बीजी ५६ सारखी हातात धरायची यंत्रे २७.२ सीसीची आणि जेमतेम ४ किलोंची असतात. अर्ध्या तासाचे काम ती उत्तम करतात. बॅटरीवर चालणारी यंत्रेही तेवढ्या कामाला पुरतात आणि शेजारी सुखी राहतात. काम सलग तासभर चालणार असेल, तर मात्र हातातले चार किलोही मनगटाला आणि खांद्याला असह्य होतात. तिथे पाठीवरचे यंत्रच हवे.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे आकडे कसे वाचायचे. प्रत्येक यंत्रावर दोन आकडे छापलेले असतात. पहिला हवेचा वेग, ताशी मैलांत. दुसरा हवेचे प्रमाण, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा बाहेर पडते ते, ज्याला सीएफएम म्हणतात. विक्रेता वेगाचा आकडा पुढे करतो, कारण तो ऐकायला मोठा वाटतो; पण नळीचे तोंड अरुंद केले की वेग आपोआप वाढतो आणि त्याने काम वाढतेच असे नाही. वेगाचे काम म्हणजे चिकटलेले पान सोडवणे. सुटलेल्या पानांचा ढीग पुढे ढकलत नेण्याचे काम हवेच्या प्रमाणाचे आहे. सीएफएम पाहतानाही तो आकडा नळीच्या तोंडाशी मोजलेला आहे की नळी न लावता पंख्याच्या घराशी, म्हणजे त्याच्या आवरणाशी, हे विचारावेच लागते. हुस्क्वर्नाच्या ३५० बीटी या यंत्राचे दोन्ही आकडे कंपनी देते: पंख्याच्या घराशी ६९२ सीएफएम आणि नळीतून ४९४. एकाच यंत्राचे हे दोन आकडे इतके दूर आहेत, की एका कंपनीचा घराशी मोजलेला आकडा आणि दुसरीचा नळीतून मोजलेला आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर निवड हमखास चुकते.

नळीतून मोजलेल्या आकड्यांनी पाहिले तर चित्र असे दिसते. ३५० बीटीचे इंजिन ५०.२ सीसीचे, वेग ताशी १८० मैल आणि वजन १०.२ किलो आहे. एकोची पीबी-५८०टी ५८.२ सीसीची असून ती ताशी २१६ मैल आणि ५१७ सीएफएम देते. स्टिलची बीआर ६०० ६४.८ सीसीची, ताशी २३८ मैल व ६७७ सीएफएमची, आणि तरीही वजनाने ९.८ किलोच आहे. कागदावर पाहता शेवटचीच घ्यावी असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले होते. नात्यातल्या एका बागाईतदाराकडे ते यंत्र आहे, त्यांच्याकडून ते एक दिवस मागून आणले. फरशीवर त्याने जे काम केले त्याला तोड नाही. चिंचेची बारीक पाने फरशीच्या सांध्यात बसतात आणि खराट्याच्या काड्यांना दाद देत नाहीत, ती त्याने एका फेरीत उचलून काढली. मागच्या परसात गेल्यावर मात्र पाचोळ्याबरोबर मुरुमाचा वरचा थरही उडू लागला, काळ्या मातीची धूळ तुळशीवृंदावनापासून स्वयंपाकघराच्या खिडकीपर्यंत गेली आणि झाडांची आळी उघडी पडली. आपल्याकडची जमीन उन्हाळ्याच्या तोंडाशी किती भुसभुशीत व कोरडी असते हे ध्यानात घेतले, तर घरगुती कामासाठी ५० ते ६० सीसीचा गटच योग्य, असे माझे ठाम मत आहे. मोठे यंत्र मंद गतीवर चालवता येते हे खरे, परंतु रोज मंदच चालवायचे असेल तर त्या जादा ताकदीचे पैसे का मोजावेत? डांबरी आवार, मंगल कार्यालयाचे पटांगण किंवा दोन-तीन एकरांची फरसबंद जागा असेल, तर बीआर ६०० चे मोल वेगळे आहे.

मी पहिल्यांदा जे यंत्र घेतले ते ऑनलाइन मागवलेले, फारसे नाव नसलेले आणि अर्ध्याहून कमी किमतीचे होते. पहिल्या हंगामात ते ठीक चालले. पावसाळाभर कोठीत पडून राहिल्यावर पुढच्या माघात दोरी ओढून ओढून हात भरून आला, तरी ते सुरू होईना. गाडी दुरुस्त करणाऱ्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेले तेव्हा त्याने कार्ब्युरेटर उघडून आतला डायफ्रॅम माझ्या तळहातावर ठेवला. नाण्यापेक्षा थोडा मोठा असा तो पातळ पडदा हाताला मऊ लागायला हवा, फुंकर मारली तर हलायला हवा. माझ्या हातातला वाळलेल्या पापडासारखा ताठ झाला होता आणि कडेने तडकला होता. तेवढा एक पडदा बदलला असता तर यंत्र पुन्हा चालले असते. पण त्या यंत्राचे सुटे भाग ना सोलापुरात मिळाले, ना विकणाऱ्याने पाठवले. एका पडद्यापायी आख्खे यंत्र भंगारात गेले याची मला आजही चुटपुट लागते. म्हणून यंत्र घेण्याआधी दुकानदाराला डायफ्रॅमचा संच, एअर फिल्टर, प्लग आणि दोरी या चार वस्तू दाखवायला सांगाव्यात. ‘मागवून देतो’ या उत्तरावर यंत्र घेऊ नये.

डायफ्रॅम कडक होण्याचे कारण पेट्रोलमध्ये आहे. आता पंपांवर बहुतेक ठिकाणी २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, तर अशा लहान इंजिनांचे नामवंत उत्पादक सहसा १० टक्क्यांपर्यंतच इथेनॉल चालेल असे सांगतात. इथेनॉल हवेतील ओलावा ओढून घेते. टाकीत राहिलेल्या पेट्रोल-ऑइलच्या मिश्रणात पाणी वाढले की ते इथेनॉलसह खाली बसते, रबरी नळ्या आणि पडदे खराब होतात आणि इंजिनाला मिळणारे हवा-पेट्रोलचे मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. गाडीत आपण दर आठवड्याला पेट्रोल भरतो म्हणून हा त्रास चटकन जाणवत नाही. वर्षातून दोन-तीन महिने चालणाऱ्या यंत्रात तो हटकून होतो. यावर उपाय एकच: लागेल तेवढेच, लिटर-दीड लिटर पेट्रोल आणावे, मिश्रण दोन आठवड्यांत संपवावे आणि टाकीत काही ठेवू नये.

मिश्रणाचे प्रमाण वर सांगितलेल्या तिन्ही कंपन्यांच्या यंत्रांना ५०:१ आहे, म्हणजे एक लिटर पेट्रोलला २० मिली टू-टी ऑइल. स्वस्त यंत्रांना अनेकदा २५:१ लागते, म्हणजे ४० मिली. अंदाजाने झाकणभर ओतण्याची सवय येथे चालत नाही. औषधाच्या दुकानात मिळणारी २० मिलीची सिरिंज मी यासाठी ठेवली आहे. बीआर ६०० घेणाऱ्यांनी एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी: तिच्या ४-मिक्स इंजिनात चार स्ट्रोकच्या इंजिनासारखे व्हॉल्व्ह असतात, पण ऑइलची वेगळी टाकी नसते. चार स्ट्रोकचे आहे असे ऐकून कोणी ऑइल न मिसळता साधे पेट्रोल भरले, तर पिस्टन जाम होऊन इंजिन कायमचे निकामी होते.

वजनाबद्दल कागदावर विसंबू नये. १० किलोंच्या यंत्रात सव्वा-दीड लिटर मिश्रण भरले की आणखी किलोभर वाढते, आणि ते पाठीवर कसे बसते यावर सगळे अवलंबून असते. दुकानात टाकी भरून घ्यावी, यंत्र पाठीवर चढवावे, कमरेचा पट्टा असेल तर तो आवळावा आणि दहा मिनिटे फिरून पाहावे. माझी उंची बेताची असल्याने एका यंत्राची चौकट चालताना माकडहाडावर आपटत होती. छापील माहितीत हे कधीच कळले नसते. माझ्या पत्नीलाही ते चालवायचे होते, म्हणून पट्टे दोघांच्या मापाला बसतात का हे आम्ही दोघांनी जाऊन पाहिले, आणि शेवटी ३५० बीटीवर एकमत झाले. तिच्यासह या यंत्राचे दोन हंगाम पार पडले आहेत. फरशी आणि परस मिळून काम आता पाऊण तासात आटोपते; परसात निम्म्या थ्रॉटलवर, नळीचे तोंड जमिनीपासून हातभर वर धरून, पाचोळा कुंपणाकडे हाकत न्यायचा, म्हणजे मुरूम जागचा हलत नाही.

आवाजाचा प्रश्न मी गौण मानत नाही. चालवणाऱ्याच्या कानाशी तो १०० डेसिबलच्या आसपास पोहोचतो, त्यामुळे कानांवर मफ लावल्याशिवाय यंत्र सुरू करू नये. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. ब्लोअरचा आवाज १५ मीटरवरही सहसा ७० च्या पुढेच असतो. अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात तर २०२२ पासून पेट्रोलच्या लीफ ब्लोअरवर बंदीच आहे. जुळे सोलापूर किंवा रेल्वे लाइन्ससारख्या भिंतीला भिंत लागून घरे असलेल्या भागात हे यंत्र घेऊच नये, असे मला वाटते. आमच्याकडे शेजारचे घर दीडशे फुटांवर आहे, तरीही त्या घरातल्या आजींना विचारून आम्ही सकाळी आठची वेळ ठरवून घेतली. ती वेळ दुसऱ्या कारणानेही सोयीची आहे: तेव्हा वारा पडलेला असतो आणि धूळ फार लांब जात नाही. नाकातोंडाला मास्क व डोळ्यांना चष्मा मात्र तेव्हाही लागतोच.

सोलापूरच्या धुळीत एअर फिल्टरची काळजी पुस्तिकेत लिहिली आहे त्याहून अधिक घ्यावी लागते. हंगामात मी दर तिसऱ्या वापरानंतर तो काढून झटकतो, आणि पाठीमागच्या जाळीवर चिकटलेली पाने रोज काढतो, कारण ती जाळी झाकली गेली की झोत निम्म्यावर येतो. चैत्र लागला, झाडे हिरवी झाली की टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवतो, म्हणजे कार्ब्युरेटरमध्येही थेंब राहत नाही. मग यंत्र पुसून, जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळून कोठीतल्या खुंटीवर टांगतो. यंदा माघात ते खाली काढले, ताजे मिश्रण भरले, प्रायमर, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओढणारा रबरी फुगा, आठ-दहा वेळा दाबला, चोक ओढला आणि तिसऱ्या ओढीला ते सुरू झाले.