जीडीक्यूएस ॲप आणि दहा ठोकळे: आहार-सर्वेक्षणासाठी कितपत उपयोगी?

प्रौढांच्या आहाराचा दर्जा मोजायचा नेहमीचा रस्ता लांबचा आहे. चोवीस तासांचं खाणं विचारा, वाट्या-चमचे दाखवून प्रमाण टिपा, मग एकेक पदार्थ राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017च्या अन्नघटक तक्त्यांशी जुळवा. 'इनटेक' या संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांसोबत विकसित केलेला ग्लोबल डाएट क्वालिटी स्कोअर, म्हणजे जीडीक्यूएस, हे काम बरंच आटोपशीर करतो. पोषकद्रव्यांचा हिशोब नको आणि फक्त दर्जा हवा असेल, तर हे साधन घेण्यासारखं आहे. मात्र निकाल वाचताना सावध राहायला हवं.

खाण्याचे 25 गट केले आहेत. 16 गट चांगले आणि 7 टाळण्याजोगे. लाल मांस आणि पूर्ण स्निग्धांशाचं दूध हे उरलेले दोन मर्यादेत चांगले, अती झाले की गुण जातात. एकूण गुण 49. 23 किंवा जास्त म्हणजे अपुऱ्या पोषणाचा आणि आहाराशी जोडलेल्या आजारांचा धोका कमी, 15च्या खाली म्हणजे जास्त, मधले मध्यम.

मुलाखतीत आधी कालचं सगळं खाणंपिणं सांगायला लावायचं, मग मिश्र पदार्थ फोडायचे. थालीपिठात कोणकोणती पिठं, भाजीत बटाटा होता का, चहात साखर होती का, हे दर वेळी विचारायलाच हवं. कोणता पदार्थ कोणत्या गटात, हे जीडीक्यूएसचं ॲप ठरवतं. शेवटी प्रत्येक गटाचं दिवसभराचं मिळून प्रमाण लहान-मोठ्या दहा घनाकृती ठोकळ्यांशी ताडून बघायचं. गोंधळ होतो तो इथेच. सकाळची आमटी आणि रात्रीची मटकीची उसळ एकत्र धरायची असते, पण उत्तर देणारी बाई रात्रीच्या उसळीपुरता ठोकळा दाखवते. पातळ आमटीत तर पाणी सोडून फक्त डाळीचा अंदाज हवा. कडधान्यांचे पूर्ण 4 गुण 42 ग्रॅमच्या पुढे मिळतात, 9 ग्रॅमच्या आत शून्य. त्यामुळे “काल दिवसभरातली सगळी डाळ एका जागी केली तर केवढी होईल?” असा प्रश्न मराठीत ठरवून सर्व मुलाखतकारांकडून घोकून घ्यावा.

आपल्याकडच्या ताटासाठी काही गट बोथट पडतात. अख्ख्या धान्याचे पूर्ण 2 गुण 13 ग्रॅमच्या पुढे मिळतात, म्हणजे ज्वारीची अर्धी भाकरीही पुरते. तेलाचे 2 गुण साडेसात ग्रॅमच्या पुढे. उलट कोकणात-गोव्यात पांढरा भात खाणारा जवळपास प्रत्येक जण प्रक्रिया केलेल्या धान्याच्या गटात शून्यावर येणार, कारण तिथली मर्यादा 33 ग्रॅमची. या गटांवरून माणसामाणसांतला फरक कळत नाही. तो कळतो पालेभाजी, डाळी, दाणे आणि फळांवरून.

खरी अडचण बेरजेची आहे. समजा एखाद्याने दिवसभर ज्वारीची भाकरी, दोन चमचे तेलात कालवलेली शेंगदाण्याची चटणी आणि अर्धी वाटी बिनसाखरेचं म्हशीचं दूध एवढंच घेतलं. टाळण्याजोगं काहीच न खाल्ल्याचे (7 गट, प्रत्येकी 2) 14 गुण, भाकरीचे 2, तेलाचे 2, दाण्यांचे 4, दुधाचा 1. झाले 23, म्हणजे धोका कमी! भाजी नाही, डाळ नाही, फळ नाही. गरिबीमुळे रिकामं राहिलेलं ताट आणि जाणून निवडलेलं ताट इथे एकाच पंक्तीत बसतं. म्हणून जीडीक्यूएस-प्लस (चांगल्या 16 गटांचे, 32 पैकी) आणि जीडीक्यूएस-मायनस (उरलेल्या 9 गटांचे, 17 पैकी) हे दोन उपगुण नेहमी वेगळे छापावेत. वरच्या ताटाला प्लसमध्ये फक्त 8 आणि मायनसमध्ये 15 मिळतात, आणि चित्र लगेच स्पष्ट होतं. स्त्रियांसाठीच्या दहा गटांच्या आहारवैविध्य निर्देशांकात हेच ताट तीन गटांवर अडकतं, किमान पाच लागतात.

एका दिवसाच्या आठवणीवरून एका माणसाला ‘जास्त धोका’ असा शिक्का मारू नये. हा गुणांक समूहासाठी आहे, दवाखान्यातल्या रुग्णासाठी नाही. मुलाखतींचे वारही आठवड्यावर पसरावेत. संकष्टी किंवा एकादशीच्या दुसऱ्या दिवशी गेलात तर साबुदाणा आणि दाण्याचं कूट सगळी सरासरी हलवतात: कूट 13 ग्रॅमच्या पुढे गेलं की 4 गुण. उपवासाचा दिवस वगळू नका, पण फॉर्मवर नोंदवा.

ठोकळे थ्री-डी प्रिंट करून घेताना प्रत्येक बाजू व्हर्नियरने मोजा. 2 सेंटिमीटरच्या ठोकळ्याची बाजू 1 मिलिमीटरने कमी भरली तर आकारमान 14 टक्क्यांनी घटतं, 5 सेंटिमीटरच्या ठोकळ्याचं साधारण 6 टक्क्यांनी. म्हणजे छोट्या ठोकळ्यांतली चूक महागात पडते, आणि दाण्यांसारख्या 7 किंवा 13 ग्रॅमवर गुण बदलणाऱ्या गटांना छोटेच ठोकळे लागतात. दोन छापखान्यांतून आलेले संच एकाच सर्वेक्षणात मिसळू नका.