अक्कलदाढ, गुंगीची सुई आणि सोबतचा माणूस: यवतमाळच्या एका दाताच्या दवाखान्याचा अनुभव

माझी खालची उजवी अक्कलदाढ आडवी उगवली होती. दोन वर्षं दुखण्याच्या गोळ्यांवर काढली. यंदा शेतात सीतादही, म्हणजे कापूस वेचणीच्या सुरुवातीची पूजा झाली, वेचणीला बाया लागल्या आणि त्याच आठवड्यात गाल इतका सुजला की भाकरीचा तुकडा तोंडात जाईना. दारव्ह्याहून एसटी धरली आणि यवतमाळला दाताच्या दवाखान्यात गेले. तिथं आधी पाच दिवस गोळ्या देऊन सूज उतरवली. मग डॉक्टर म्हणाले, हाड थोडं कोरून दाढ काढावी लागेल. तुम्हाला फार भीती वाटत असेल तर भुलीच्या डॉक्टरांना बोलावतो, गुंगी देऊन करू.

भीती होतीच. दाताची खुर्ची पाहिली तरी माझे हातपाय गार पडतात. पण घरी हे सांगितल्यावर सासूबाई म्हणाल्या, "दाढ काढाले भूल कायले लागते व? माणूस उठलाच नाही तं?" आमच्याकडे बहुतेकांच्या मनात हेच असतं, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

पूर्ण भूल आणि गुंगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या भुलीच्या डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं. पूर्ण भुलीत माणसाला काहीच कळत नाही. गुंगीत डोळे जड होतात, मन शांत होतं, पण आपला श्वास आपणच घेतो आणि हाक मारली की ओ देतो. शिवाय गुंगीच्या औषधानं दुखणं थांबत नाही. त्यासाठी हिरडीत बधिर करायची सुई वेगळी द्यावीच लागते. बाई म्हणाल्या, हलणारा दात काढायचा किंवा दात भरायचा असेल तर नुसती हिरडीतली सुई पुरते, गुंगीवर उगाच पैसे घालवू नका. हे ऐकून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

त्यांनी बरेच प्रश्न विचारले. बीपी, शुगर, दमा, झोपेत घोरता का, झोपेची गोळी घेता का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. सिकल, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी झाली आहे का, हेही विचारलं. सिकलच्या माणसाचा ऑक्सिजन कमी झाला किंवा तो फार वेळ बिनपाण्याचा राहिला तर त्रास वाढू शकतो, म्हणून हे आधी माहीत असावं लागतं. माझी बीपीची गोळी सकाळी दोन घोट पाण्यासोबत घ्यायला सांगितली. मग म्हणाल्या, तोंड उघडा आणि तुमचीच तीन बोटं उभी आत घालून दाखवा. माझी गेली. शेजारी आमचे हे बसले होते, त्यांनाही करायला लावलं. दीडच बोट गेलं! वीस वर्षांचा खर्रा आहे त्यांचा, सुपारी-तंबाखूचा. बाईंनी टॉर्च लावून गालाच्या आत पाहिलं. पांढरट, ताठ झालेली कातडी मलाही दाखवली. म्हणाल्या, उद्या ह्यांना पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर श्वासाची नळी घालायला एवढ्याशा तोंडातून वाट काढताना फार जड जाईल. गाल तपासून घ्यायलाही सांगितलं. घरी येईपर्यंत हे काही बोलले नाहीत.

उपाशीपोटाचा नियम नीट पाळा. जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात धरत नाहीत, तो जेवणातच मोजतात. गुंगीत उलटी झाली तर ती श्वासनळीत जाऊ शकते, म्हणून हे बंधन आहे.

खुर्चीवर बसल्यावर हाताला सुई लावली, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा, नाकाला ऑक्सिजनची बारीक नळी. औषधाचं नाव मिडाझोलम. ट्रेमध्ये त्याच्या उताऱ्याची लहान बाटलीही ठेवली होती, ती मी विचारल्यावर दाखवली. दोन-तीन मिनिटांत पापण्या जड झाल्या. मशीनची टिकटिक ऐकू येत होती. "तोंड उघडा ताई" म्हटलं की मी उघडत होते. जबड्यावर दाब जाणवला, दुखलं नाही. टाके कधी घातले ते आठवत नाही. मला वाटलं पाच मिनिटं झाली, घड्याळात चाळीस झाली होती. नंतर बाईंनी स्वतःहून सांगितलं की मध्ये एकदा ऑक्सिजन ९२ वर आला होता, हनुवटी वर उचलून मोठा श्वास घ्यायला लावला तसा लगेच ९७ झाला. बाई पूर्ण वेळ माझ्या डोक्याशी उभ्या होत्या आणि दाढ दुसरे डॉक्टर काढत होते. एकाच माणसानं दोन्ही कामं करायची असती तर ते ९२ कोण पाहणार होतं?

त्यानंतर तासभर झोपवून ठेवलं. हे सांगतात, मी "कापूस मोजला का?" असं चार वेळा विचारलं. मला एकदाही आठवत नाही. सरळ चालून दाखवल्यावर आणि हे सोबत आहेत हे पाहिल्यावरच सोडलं. २४ तास गाडी चालवायची नाही, विळा-चुलीजवळ एकटीनं जायचं नाही, कुठल्या कागदावर सही करायची नाही, असं बजावलं.

या सहीचं महत्त्व आम्हाला चांगलं कळतं. गेल्या जूनमध्ये यांच्या पोटाची दुर्बीण दुसऱ्या एका दवाखान्यात झाली. घशात फवारा मारला, गुंगीची सुई दिली, अर्ध्या तासानं उठवून फाईल हातात दिली. सोबत कोण आहे, हे कुणी विचारलं नाही. हे एकटेच मोटरसायकलवर गावापर्यंत आले. वाटेत कृषी केंद्रात थांबून बियाण्याच्या चार थैल्या आणि खताच्या सहा बॅगा उधारीवर घेतल्या, वहीत सही केली. दुसऱ्या दिवशी माल टाकायला पोरगा आला तर हे त्याच्यावरच ओरडले. वहीतली सही यांचीच होती. दुकानही आठवेना, रस्ताही आठवेना. त्या रस्त्यावर ट्रक किती धावतात ते मला माहीत आहे. अजूनही त्या दुपारचा विचार आला की पोटात गोळा येतो.

यवतमाळच्या या दवाखान्यातही दोन उणिवा आहेत. तो पहिल्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. गुंगीतल्या माणसाला जिना उतरवायचा म्हणजे धरायला दोघं लागतात. आणि घरी काय करायचं तो कागद इंग्रजीत. मी मराठीत मागितला तेव्हा सिस्टरनं मागच्या बाजूला हातानं लिहून दिला: बोळा पाऊण तास दाबून धरा, थुंकू नका, ओठ बधिर आहे तोवर गरम काही खाऊ नका, तंबाखू बंद. तो कागद छापलेलाच असायला हवा. खर्च दाढेचे ४,५०० आणि भुलीच्या डॉक्टरांचे ३,५००, दोन्हींची पावती मिळाली. सातव्या दिवशी टाके निघाले, जखम स्वच्छ आहे.

पुढच्या महिन्यात यांची पुन्हा दुर्बीण आहे. आम्ही एसटीनं जाणार आहोत. मोटरसायकलची चावी सासूबाईंकडे देऊन ठेवली आहे.