जपानला शिकवायला जाणाऱ्यांसाठीचा नाशिकमधील तयारी वर्ग : भाषेसाठी उत्तम, गावासाठी अपुरा

जपानमधील शाळांत इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकच्या कॉलेज रोड परिसरात एक खाजगी तयारी वर्ग चालतो. निघण्यापूर्वी मी तो पूर्ण केला. सध्या निइगाता प्रांतातील एका डोंगराळ गावी नोकरी करत असल्यामुळे वर्गात जे शिकवले त्यातले काय कामी आले आणि काय नाही, हे आता अनुभवावरून सांगता येईल. वर्गाचे नाव मुद्दाम देत नाही, कारण उणिवांचा भाग बराच आहे आणि अशा मार्गदर्शनाचे दुकान मांडणाऱ्या बहुतेकांना तो कमीअधिक लागू पडेल अशी माझी समजूत आहे.

वर्गाचे दोन टप्पे असून शुल्कही वेगवेगळे भरावे लागते. पहिला टप्पा भाषेचा आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. जपानी भाषेच्या जेएलपीटी या परीक्षेत तोंडी परीक्षा नसते. त्यामुळे पुस्तकी व्याकरण पक्के, पण तोंडातून वाक्य फुटत नाही, अशी अवस्था अनेक उत्तीर्ण विद्यार्थ्यांची होते. येथील मॅडमनी त्यावर काढलेला उपाय साधा आहे. दोन विद्यार्थ्यांना पाठीला पाठ लावून खुर्च्यांवर बसवायचे आणि एकाने गॅस कंपनीचा कर्मचारी, दुसऱ्याने भाडेकरू होऊन फोनवर बोलावे तसे बोलायचे. चेहरा आणि हातवारे दिसत नसल्यामुळे अडले की अडले. जपानमध्ये नव्या घरात गॅस सुरू करताना भाडेकरूला स्वतः हजर राहावे लागते आणि त्यासाठी आधी वेळ ठरवावी लागते. खेडेगावात ती फोनवर ठरवण्याचा प्रसंग माझ्यावर पहिल्याच आठवड्यात आला, तेव्हा त्या खुर्च्यांचे मोल कळले. गावातील वृद्ध मंडळी जी बोली बोलतात ती कोणत्याच वर्गात शिकवली जात नाही, पण तो दोष वर्गाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल.

याच टप्प्यात नमुना पाठही घ्यावा लागतो. ग्रामीण भागात एकाच सहायक शिक्षकाकडे अनेकदा दोन-तीन शाळा असतात आणि प्रत्येक इयत्तेत स्वतःची ओळख करून देण्याचा पाठ नव्याने घ्यावा लागतो, हे येथे नीट सांगितले जाते. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, तर तिसरी-चौथीला तो खेळ व संभाषणाच्या स्वरूपात असतो. त्यामुळे दोन्ही वयोगटांसाठी वेगळी तयारी करून घेतली गेली. कुंभमेळ्याची आणि द्राक्षबागांची छायाचित्रे मोठ्या आकारात छापून न्या, ही सूचना अचूक होती.

परदेशी सहायक शिक्षकांना शाळांत नेमणाऱ्या जेट या जपानी सरकारी योजनेची माहितीही प्रामाणिकपणे मिळते. ही योजना 1987 मध्ये सुरू झाली, तिचा अर्ज दूतावासामार्फत करावा लागतो, करार एका वर्षाचा असून तो जास्तीत जास्त पाच वर्षांपर्यंत वाढवता येतो, आणि खाजगी कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या नोकऱ्यांच्या अटी याहून वेगळ्या असतात, हे सगळे कोणतीही भलामण न करता सांगितले गेले.

खरी अडचण दुसऱ्या टप्प्याची, म्हणजे ‘स्थायिक होण्याचे मार्गदर्शन’ या भागाची आहे. या भागातला जपान म्हणजे तोक्यो. रेल्वेचे कार्ड कसे भरावे, लोकलमध्ये फोनवर का बोलू नये, भाड्याच्या घरासाठी अनामतीखेरीज घरमालकाला परत न मिळणारी रक्कम कशी द्यावी लागते, यांवर तासच्या तास खर्च होतात. माझ्या गावातून शेवटची बस संध्याकाळीच सुटते. सहायक शिक्षकांची गरज मोठ्या प्रमाणावर लहान नगरांना आणि खेड्यांना असताना, मोटारीचा विषय एका वाक्यातही निघू नये हे मला आजही चमत्कारिक वाटते.

म्हणून तो येथे मांडतो. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जपानमध्ये चालतो, पण देशात उतरल्यापासून फार तर एक वर्ष. आणि परवान्याची स्वतःची मुदतही वर्षभराचीच असल्याने पेठ रोडवरील आरटीओत तो फार आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. नंतर भारतीय परवान्याचे रूपांतर करून घ्यावे लागते. त्यासाठी परवाना मिळाल्यानंतर किमान तीन महिने भारतात राहिल्याचा पुरावा मागतात, शिवाय लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा असतात. ऑक्टोबर 2025 पासून लेखी परीक्षेतील प्रश्न 10 वरून 50 करण्यात आले असून उत्तीर्ण होण्यासाठी 90 टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. थोडक्यात, ज्याच्याकडे मूळ परवानाच नाही त्याने जपानीचे पुस्तक उघडण्याआधी नाशिकमध्ये गाडी शिकून घ्यावी. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून असते, एवढा दिलासा आहे. गावात बहुतेकांकडे 660 सीसीपर्यंतच्या, पिवळ्या पाटीच्या छोट्या मोटारी दिसतात आणि जुनी मोटार घ्यायची तर पुढची सक्तीची तपासणी कधी आहे हे किमतीच्या आधी विचारावे, कारण दर दोन वर्षांनी येणारा तो खर्च खिशाला चांगलाच जाणवतो.

थंडीच्या बाबतीत वर्गाने केलेली दिशाभूल मात्र मला गंभीर वाटते. पालकांसाठी ठेवलेल्या बैठकीत एका काकूंनी विचारले, “तिकडची थंडी आपल्या निफाडसारखीच का हो?” त्यावर उत्तर आले, “थोडी जास्त. चांगलं जॅकेट असलं की झालं.” निफाडला पारा चार-पाच अंशांवर उतरला की बागांमध्ये शेकोट्या पेटतात, हे आपल्याला ठाऊक आहे, निइगाताच्या डोंगराळ भागात माणसाच्या उंचीहून अधिक बर्फ साचते आणि जुन्या लाकडी घरांच्या भिंती थंडी अडवतच नाहीत. येथे जॅकेटपेक्षा रॉकेलचा स्टोव्ह महत्त्वाचा. पेट्रोल पंपावर 18 लिटरचा प्लास्टिकचा डबा भरून आणायचा, दारातल्या पायरीवर ठेवून छोट्या पंपाने रॉकेल स्टोव्हच्या टाकीत ओढायचे, हातमोज्यांचा वास दिवसभर सोबत वागवायचा, आणि विषारी वायू साचू नये म्हणून बाहेर बर्फ पडत असतानाही अधूनमधून खिडकी उघडायची, हा हिवाळ्याचा नित्यक्रम आहे. झोपताना स्टोव्ह बंद करायचा आणि कडाक्याच्या रात्री नळाच्या वाहिन्यांतील पाणी काढून टाकायचे, नाहीतर त्या फुटतात. रस्त्याच्या मधोमध बसवलेल्या नळ्यांमधून भूजल उडवून बर्फ वितळवतात आणि त्या पाण्यातील लोहामुळे डांबर तांबूस होते. हे पाहायला गमतीचे असले, तरी चालणाऱ्याचे बूट भिजतात. तेव्हा गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट आल्याआल्या येथेच घ्यावेत.

सामानाची छापील यादी देतात तीही तपासून घेण्यासारखी आहे. तिच्यात मिक्सर आहे. जपानमध्ये घरगुती वीज 100 व्होल्टची, आपले मिक्सर 230 व्होल्टचे. ते तेथे धड चालत नाहीत आणि वजन मात्र विमानात मोजले जाते. औषधांविषयीचा इशारा यादीत एका ओळीत उरकला आहे, जो ठळक असायला हवा होता: डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची औषधे साधारणपणे एका महिन्यापुरतीच नेता येतात, जास्त हवी असतील तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि सर्दीच्या काही गोळ्यांतील घटकांवर तेथे बंदी आहे.

शाकाहारी मंडळींसाठी या वर्गाने शिकवलेले वाक्य कामाचे आहे. मी शाकाहारी आहे एवढे सांगून भागत नाही, माशाच्या अर्काचे पाणीही चालत नाही असे स्पष्ट म्हणावे लागते, कारण वरकरणी निव्वळ भाज्यांच्या वाटणाऱ्या सूपमध्येही ते असते. शाळेतील जेवणात तेवढी सूट मिळेलच असे नाही. मी डबा नेतो आणि त्याविषयी आता कोणी विचारत नाही.

नगरपालिकेच्या कार्यालयात घर मिळाल्यापासून 14 दिवसांत पत्ता नोंदवायचा असतो, हे वर्गात सांगितले गेले. तेथेच हातात पडणाऱ्या कचऱ्याच्या वेळापत्रकाविषयी मात्र नाही. जळणारा कचरा, प्लास्टिक, बाटल्या, डबे यांचे वार ठरलेले असतात, पिशव्याही नगरपालिकेने ठरवून दिलेल्याच वापराव्या लागतात आणि चुकीची पिशवी चिठ्ठी चिकटवून तशीच ठेवली जाते. वस्तीच्या मंडळाची वर्गणी, घरोघर फिरणारी सूचनांची फाईल आणि रविवारी सकाळचे गवत कापण्याचे श्रमदान यांत जो सामील होतो त्याला शेजारी आपले मानतात. माझ्या मते दुसऱ्या टप्प्यात शिकवण्यासारखी सर्वांत मोठी गोष्ट हीच होती.

तेव्हा भाषेच्या टप्प्याचे शुल्क बिनदिक्कत भरावे आणि जेएलपीटीच्या जुलै किंवा डिसेंबरच्या परीक्षेला पुण्याला बसायचे असेल तर निदान सहा महिने आधीच्या तुकडीत नाव घालावे. दुसरा टप्पा ज्यांची नेमणूक मोठ्या शहरात ठरली आहे त्यांनीच घ्यावा. बाकीच्यांनी ते पैसे हिवाळी टायरांसाठी बाजूला ठेवावेत. नोव्हेंबरअखेर ते बदलून घेण्यासाठी गॅरेजपुढे रांग लागते, म्हणून वेळ ऑक्टोबरमध्येच मागून ठेवावी.