गाडी विकली, पास काढला: पाचोरा-जळगाव अपडाऊनचे आठ महिने

वय 28, राहायला पाचोऱ्यात, नोकरी जळगावच्या एमआयडीसीत, चटईच्या कारखान्यात हिशेबाला. गेल्या ऑक्टोबरच्या शेवटी मोटारसायकल विकली, तेव्हापासून रेल्वेचा पास आणि एक जुनी सायकल यांवर चाललंय. मित्र विचारतात, परवडतं का? म्हणून सविस्तर लिहितो.

मुळात ती गाडी हौसेने घेतली नव्हती. 2020 च्या मार्चमध्ये रेल्वे थांबली, नंतर सुरू झाली ती फक्त आरक्षणवाल्यांसाठी. पासवाल्यांना कोणी विचारत नव्हतं. त्याच दसऱ्याला हप्त्यावर सव्वाशे सीसी घेतली. पुढे पास सुरू झाले, पण तोवर किक मारून निघायची सवय लागली होती. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम काढावा लागतो, तो गेल्या ऑक्टोबरमध्ये संपला. नेमका तेव्हाच मागचा टायर गुळगुळीत आणि चेन-स्प्रॉकेट गेलेलं. मेकॅनिकने आकडा सांगितला आणि मी रात्री वही काढून बसलो. दिवसभर मालकाचा हिशेब लिहिणाऱ्याने स्वतःचा हिशेब पाच वर्षांत पहिल्यांदा मांडला.

जाऊन-येऊन शंभर किलोमीटर, ॲव्हरेज पंचावन्न, पेट्रोल तेव्हा 105 च्या घरात. दिवसाला 190 रुपये, पंचवीस दिवसांचे पावणेपाच हजार. रेल्वेचा सेकंड क्लासचा महिन्याचा पास दोन दिवसांच्या पेट्रोलमध्ये निघतो. सुपरफास्टला चालवायचा असेल तर वरचा चार्ज वेगळा, तो धरूनही तिसऱ्या दिवसाच्या पुढे जात नाही. गाडी शेंदुर्णीच्या मामेभावाला दिली.

पैशाचं एवढंच. खरा फरक अंगाला जाणवला. जळगाव-पाचोरा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग आहे, 753 जे, पण अंधार पडल्यावर तिथे कापसाची ट्रॉली पुढे असली की तिला मागे दिवा नसतो, बाजूने कापूस लोंबत असतो आणि ती रस्त्यावर नेमकी किती पसरलीय ते जवळ गेल्याशिवाय कळत नाही. मी दोनदा थोडक्यात वाचलोय. घरी सांगितलं नाही. आई रोज सातला फोन करायची, "पोचना का रे?" आता तो फोन येत नाही. एप्रिल-मेमध्ये खान्देशात दुपारी जे ऊन असतं, त्यात हेल्मेट घालून तासभर गाडी चालवून बघा, मग जनरल डब्यातला घामही बरा वाटतो.

जागा मिळतेच असं नाही. माझ्या हिशेबाने आठवड्यातून तीन दिवस मी दारापाशी उभा असतो. पण अपडाऊनवाल्यांचे कोपरे ठरलेले असतात. आमच्या कोपऱ्यात सहा जण आहेत, सगळे तिशीच्या आतले, त्यातल्या तिघांनी गाडी घरी उभी केलीय. एकाने येता-जाता स्पर्धा परीक्षेची दोन पुस्तकं संपवली. मी बहुतेक झोपतो, खोटं कशाला बोला.

आता तक्रारी. मेमू वेळेवर निघते, पण माहेजीला नाहीतर म्हसावदला लूपवर, म्हणजे बाजूच्या रुळावर घेतात आणि मागून येणाऱ्या दोन-दोन सुपरफास्ट पुढे सोडतात. संध्याकाळी सरासरी पंचवीस मिनिटं जातात, एकदा दीड तास. अशा वेळी पोरं खाली रुळांवर उतरून उभी राहतात. मी उतरत नाही. 22 जानेवारी 2025 ला याच पट्ट्यात, परधाडे-माहेजीजवळ, आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून लोक उतरले आणि शेजारच्या रुळावरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. ते ठिकाण खिडकीतून रोज दिसतं.

ऑफिसात मार्चअखेर रात्री नऊपर्यंत बसावं लागलं, तेव्हा पासचा उपयोग शून्य. एसटीने आलो, 2025 च्या जानेवारीत वाढलेलं भाडं देऊन. एसटीचा पासही वाईट नाही, वीस दिवसांचं भाडं भरा आणि तीस दिवस फिरा. माझ्या शेजारच्या टेबलावरची ताई भडगावकडून येते, तिकडे रेल्वे नाही. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं, तेव्हा तिने स्कूटीचा विचारच सोडला.

सायकलीचं सांगायचं राहिलं. अठराशे रुपयांत जुनी घेतली, रात्री जळगाव स्टेशनच्या स्टँडवर असते. तिथून एमआयडीसी वीस मिनिटं. अजिंठा चौफुली ओलांडणं हाच काय तो पराक्रम, बाकी रस्ता सरळ आहे. शेअर रिक्षापेक्षा लवकर पोचतो. पहिल्या महिन्यात घंटी चोरीला गेली, दुसऱ्या महिन्यात सीट. आता सीट काढून सोबत डब्यात नेतो, लोक बघतात.

मध्यंतरी मोबाईलवर वाचलं की अमेरिकेत 1983 साली सोळा वर्षांच्या पोरांपैकी 46 टक्क्यांकडे लायसन्स होतं, 2014 ला जेमतेम 24-25 टक्के उरलं. आमच्याकडे गाडी आधी येते, लायसन्स मागून. त्यामुळे असलेली गाडी विकणं म्हणजे काहीतरी वाईट घडलं असणार, असं धरूनच लोक चौकशी करतात. आत्याने आणलेल्या स्थळाकडून पहिला प्रश्न आला, "मोटारसायकल पण नाही का?" वडील म्हणाले, आहे, माझी. ती खरंच आहे, म्हणून तर मला जमतं. रविवारी शेतावर जायला तीच लागते. शेंदुर्णीला मामाकडे पूर्वी पीजेने, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेने जाता यायचं, ती छोटी गाडी 2020 ला थांबली आणि त्या अरुंद रुळांवर परत आली नाही. ज्यांचं गाव रुळापासून आत आहे आणि शेवटची बस सहाला जाते, त्यांनी माझं ऐकून गाडी विकू नये.

पावसाळ्याचा अनुभव अजून यायचाय. रेनकोट घेतलाय, सायकलीला मडगार्ड बसवलंय.

परवा मामेभाऊ भेटला. म्हणाला, "भाऊ, परत घेतो का गाडी?" मी विचारलं, ॲव्हरेज किती देते? म्हणाला, सत्तेचाळीस. माझ्याकडे पंचावन्न द्यायची.